पाहुण्यांचा चौथा दिवस

१७ मार्च २०२५, सोमवार. हेमसिंग आडेच्या बँक खात्यात सहा हजार सातशे पन्नास रुपये आगाऊ जमा झाले. दोन माणसे, तीन दिवस, माणशी रोजचे अकराशे पंचवीस. हिशेब बरोबर होता. त्या सगळ्या प्रकरणात बरोबर झालेली तेवढी एकच गोष्ट, असे हेमसिंग आजही सांगतो.

हेमसिंगचा तांडा मानोरा तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर आत. फाट्यावर एसटी थांबते, पुढे पायी यायचे नाहीतर तांड्यातल्या रूपलाची जीप असली तर तिच्यात कोंबून घ्यायचे. घरे साठ-सत्तर. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलूप लागते आणि माणसे ऊसतोडीला जातात. हेमसिंग मात्र कधी तोडीला गेला नाही. तो एका निवासी आश्रमशाळेत स्वयंपाकी होता. एकोणतीस वर्षे, दोनशे चाळीस मुले, दोन वेळा. जून २०२२ मध्ये तो निवृत्त झाला आणि घरी आल्यावर त्याला कळले, की दोन माणसांचा स्वयंपाक आपल्याला येत नाही. डाळ घ्यायला हात घातला की अर्धा किलो बाहेर यायची. वरण तीन दिवस पुरायचे आणि चौथ्या दिवशी बकरीला जायचे. तिसऱ्या आठवड्यात बायकोने, गोमतीबाईने, त्याच्या हातातला पळा काढून घेतला आणि तुम्ही आता ओट्यावर बसा, असे सांगितले.

तेव्हापासून तो ओट्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला बोलावतो. आडवाटेच्या तांड्यात येणारे-जाणारे किती असणार? पोस्टमन, वायरमन आणि कांदे विकणारा. पोस्टमनने तर हल्ली पत्रे शेजारी द्यायला सुरुवात केली.

ही त्याची भूक कारंजाच्या राजूने बरोबर हेरली. राजू चौतिसाचा, बोलायला गोड, गळ्यात ओळखपत्र. परदेशी पाहुण्यांना खेड्यात दोन-तीन दिवस ठेवणाऱ्या एका संस्थेत कामाला. जानेवारीपासून तो तीनदा आला, तिन्ही वेळा पोटभर जेवला, आणि तिसऱ्या वेळी हात धुताना म्हणाला, हॉलंडचे एक म्हातारे जोडपे आहे, शिक्षक होते, साधी माणसे आहेत, ठेवता का? हेमसिंगने हो म्हटले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पैसे नव्हते. दोन रिकामी ताटे होती.

गोमतीबाईने एवढेच विचारले, की ते जाणार कधी. शुक्रवारी सकाळी नऊला, राजूने सांगितले. मग ठीक आहे, ती म्हणाली. शुक्रवारी दुपारी मंजू येणार होती.

मंजू त्यांची एकुलती एक मुलगी. दसऱ्यानंतर नवरा करण याच्याबरोबर ती कोल्हापूरकडे तोडीला गेली. डिसेंबरच्या अकरा तारखेला गोमतीबाईची आई दुर्गाबाई गेली. हेमसिंग आश्रमशाळेत आणि गोमतीबाई शेतात, अशा काळात मंजूला या आजीनेच वाढवले होते. पण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना टोळी सोडून येता येत नाही. मंजूला फोनवरच सांगावे लागले. ती तिकडून रडायला लागली तेव्हा गोमतीबाईने तिला थांबवले. फोनवर नको, म्हणाली. जपून ठेव, घरी आलीस की काढू.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. बंजारा बायका फार दिवसांनी भेटल्या, आणि मधल्या काळात घरातले कोणी गेले असले, तर आधी बोलत नाहीत. घुंगट ओढून एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि रडतात. नुसते रडणे नाही. त्या रडण्याला चाल असते, शब्द असतात. गेलेले माणूस कसे गेले, शेवटी काय म्हणाले, कोण जवळ होते, कोण नव्हते, हे सगळे त्यात सांगायचे आणि ऐकायचे. याला ढावलो म्हणतात. तो झाला की तोंडावर पाणी मारायचे आणि मग, कधी निघालीस, जेवलीस का, हे सुरू करायचे. तो झाल्याशिवाय भेट झाली असे कोणी धरत नाही. पुरुष अशा वेळी उठून बाहेर जातात. गोमतीबाई आईच्या तेराव्यालाही कोरडी होती. तांड्यातल्या बायकांनी नावे ठेवली. तिने शंभर दिवस ते आत धरून ठेवले होते, मुलीसाठी.

१८ मार्चच्या मंगळवारी पाहुणे आले. बाईंचे नाव अनेके, बुवांचे विलेम. दोघेही उंच, पांढऱ्या केसांचे, लालबुंद. बरोबर राजू, आणि राजूच्या हातात छापील सूचनापत्रिका. परक्या देशातल्या खेड्यात पाहुण्याने मानाने कसे वागावे, याच्या बावीस सूचना. पाहुण्यांची प्रत इंग्रजीत, यजमानाची मराठीत, क्रमांक तेच. राजूने हेमसिंगला खाली सही करायला सांगितले. हेमसिंगने एकोणतीस वर्षे साठ्याच्या नोंदवहीवर वाचल्याशिवाय सही केली नव्हती. त्याने चष्मा लावला आणि बावीसच्या बावीस सूचना ओट्यावर बसून वाचल्या. राजू तोवर दोन कप चहा प्याला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिला. त्याने स्वतः ती पत्रिका कधी वाचली नसावी.

सूचना वाईट नव्हत्या. त्रास असा झाला, की पाहुण्यांनी त्या पाळल्या.

घरात शिरताना जोडे काढावेत, असे होते. पाहुण्यांनी ते सेवालाल महाराजांच्या देवळापाशीच काढले, म्हणजे तांड्याच्या तोंडाशी, आणि तिथून अनवाणी निघाले. मार्चचे ऊन, बाभळीचे काटे आणि बकऱ्यांची वाट. घरी पोहोचेपर्यंत विलेमबुवांच्या टाचेत दोन काटे. गोमतीबाईने ते सुईने काढले. बुवांनी हात जोडून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अनवाणी निघाले.

फोटो काढण्याआधी परवानगी घ्यावी, असेही होते. त्यासाठी राजूकडे छापील अर्जांचा गठ्ठा. माणसाच्या फोटोला एक सही, घराच्या फोटोला एक सही. बकरीच्या फोटोला कोणाची सही घ्यायची यावर राजू आणि अनेकेबाई पाव तास इंग्रजीत बोलले. शेवटी बकरीची सहीसुद्धा हेमसिंगनेच केली. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याने एक्केचाळीस सह्या केल्या. निवृत्तीच्या कागदांवरही एवढ्या केल्या नव्हत्या.

यजमानाच्या कामाला हात लावावा, हे तर सगळ्यांत वाईट. बुधवारी सकाळी हेमसिंग उठून पाहतो तो विलेमबुवा डोक्यावर हंडा घेऊन हातपंपावर. बायकांच्या रांगेत उभे. बायका पदर तोंडात घालून हसताहेत, आणि रूपला जीप पुसायची सोडून तिथेच येऊन उभा राहिलेला. तो हेमसिंगला म्हणाला,

"हेमसिंगभाऊ, पाव्हणे पाणी भरून राह्यले. तुमी आता हॉलंडले जाऊन बसता काय ओट्यावर?"

हेमसिंगने हंडा काढून घ्यायला हात पुढे केला, तर बुवांनी तो धरून ठेवला. दोघे म्हातारे भर रांगेत हंड्यासाठी ओढाताण करताहेत, हे दृश्य तांड्याने पुरेपूर पाहिले. राजूला समजावून सांग म्हटले तर तो म्हणाला, "काका, ते आदर दाखवून राह्यले. तुमी एन्जॉय करा ना." हेमसिंग दिवसभर राजूशी बोलला नाही. राजूच्या ते लक्षातही आले नाही.

पण यात ज्या चुकीमुळे पुढचे सगळे घडले ती हेमसिंगची स्वतःची होती, हे त्याला मान्य आहे. वाढलेले अन्न नाकारू नये, ताटात टाकू नये, अशी चौथी सूचना होती. ती त्याने वाचली होती, आणि वाचताना त्याला बरे वाटले होते. इकडे आपली रीत अशी, की पाहुण्याचे ताट रिकामे दिसले की वाढायचे, आणि पाहुण्याने नको नको म्हणत हात आडवा धरायचा. हात आडवा आला की कुठे थांबायचे ते कळते. विलेमबुवांचा हात कधी आडवा आलाच नाही. हेमसिंगने वाढायचे, बुवांनी संपवायचे. बुवांनी संपवले की हेमसिंगने वाढायचे. मंगळवारी भाकरी-बेसन, बुधवारी वांग्याची भाजी, आणि गुरुवारी रात्री निरोपाचे जेवण म्हणून रोडगे.

रोडगे म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचे आणि वरणात बुडवून खायचे. नांगरट करून आलेला गडी दोन खातो. विलेमबुवांनी पाच खाल्ले. पाचव्याला त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, आणि हेमसिंगला वाटले, मिरची जास्त झाली. त्याने आणखी तूप ओतले. गोमतीबाईने आतून खुणावले, पण एकोणतीस वर्षांत कोणी त्याच्या हातचे असे खाल्ले नव्हते. पोरे तर ताटे बाजूला सारून पळायची. त्या रात्री हेमसिंग खुशीत झोपला.

शुक्रवारी सकाळी बुवा बाजेवर आडवे. पोट तट्ट फुगलेले, चेहऱ्याची लाली गेलेली. रूपला मानोऱ्याहून डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काळजीचे काही नाही म्हणाले, पण आजचा प्रवास नको, संध्याकाळपर्यंत पडू द्या. काय खाल्ले, त्यांनी विचारले. हेमसिंगने आकडा सांगितला. डॉक्टर वाशीम जिल्ह्यातलेच होते. त्यांनी पाहुण्याकडे पाहिले, मग हेमसिंगकडे पाहिले, आणि बॅग बंद केली.

म्हणजे दुपारी मंजू येणार आणि पाहुणे घरात. घर तरी केवढे? पुढची खोली, मागची खोली आणि मधे अंगण. पुढच्या खोलीत बुवांची बाज. गोमतीबाईने भांडी जरा जोरात घासली.

नऊला राजू न्यायला आला. बेत बिघडलेला पाहून आधी त्याने कपाळाला हात लावला, मग मंजू येणार हे त्याला शेजाऱ्यांकडून कळले, का येणार हेही कळले, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. तो पाऊण तास फोनवर बोलत फिरला. परत आला तो त्याच्या हातात तीन पायांची काठी आणि तिच्यावर कॅमेरा. असे काही खरेखुरे संस्थेला कधी मिळाले नव्हते. इतर गावांत बायका मागितले तर नाचून दाखवतात, पण ढावलो कोणी मागून देत नाही. त्याने अनेकेबाईंना काहीतरी भराभरा समजावले. बाईंनी तो गठ्ठ्यातला अर्ज काढला, दोन्ही हातांत धरला आणि हेमसिंगपुढे येऊन मान झुकवून उभ्या राहिल्या. घरातल्या वडीलधाऱ्याची परवानगी मागत होत्या.

तिथे हेमसिंग अडकला. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणे त्याला जन्मात जमले नव्हते. राजूला नाही म्हणता आले असते, पण समोर राजू नव्हता, पांढऱ्या केसांची बाई होती. तिचा नवरा त्याच्याच हातच्या तुपाने आडवा पडला होता. हेमसिंग म्हणाला, "पाहतो. घरात विचारतो." राजूने त्याचे भाषांतर हो असे केले. एवढे इंग्रजी हेमसिंगला येत होते.

तो आत गेला. गोमतीबाई चुलीपाशी बसली होती. तिने सगळे ऐकलेच होते. नवरा-बायको घरात आपल्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतात. ती जे बोलली ते थोडक्यात असे, की रडायचे काय, ती रडेल. सांगाल तिथे बसून रडेल.

"पण ते एकदाच निघते," ती म्हणाली. "यायच्यासमोर काढलं तर मंजूले मी काय देऊ?"

हेमसिंग आत उभा असतानाच राजू दारात आला. आता त्याची वेगळीच अडचण होती. एसटी फाट्यावर एकला येते, आणि एक वाजताचे ऊन कॅमेऱ्याला चालत नाही. चेहऱ्यावर सावल्या पडतात. पाचचा उजेड चांगला.

"काका, तुमी मंजूताईले फोन लावा," तो म्हणाला. "म्हणा, देवळापाशी थांब थोडी. पाच वाजेपर्यंत. मग आम्ही इकडे रेडी झालो की येऊ दे तिले."

पाच महिने परमुलखात ऊस तोडून, आजी गेल्याचे तिथेच पालात गिळून, मुलगी आईच्या दारापासून दोनशे पावलांवर चार तास बसून राहणार. कशासाठी, तर उजेडासाठी.

हेमसिंग तापट नाही. आश्रमशाळेत पोरांनी भाजीत चिमूटभर माती टाकली तरी त्याने कोणावर हात उचलला नव्हता. आताही तो काही ओरडला नाही. त्याने घड्याळ पाहिले. साडेबारा व्हायला आले होते. तो राजूच्या बाजूने बाहेर आला आणि थेट अनेकेबाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाई बाजेपाशी बसून नवऱ्याला वारा घालत होत्या. त्यांनी हसून राजूकडे पाहिले आणि विचारले, ते वेलकम साँग कधी सुरू होणार.

वेलकम हा शब्द आश्रमशाळेच्या फाटकावर रंगवलेला होता. साँगही त्याला कळत होते. हेमसिंगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. राजूने या माणसांना स्वागतगीत आहे असे सांगितले होते. शिकलेली दोन म्हातारी माणसे, बावीस सूचना पाठ केलेली, आणि त्यांना घरात मर्तिक झाले आहे हेच ठाऊक नव्हते.

त्याला राग आला तो राजूचा आला, आणि त्याहून जास्त आपला आला. तीन दिवस घरात वावरून या माणसांना भिंतीवरचा दुर्गाबाईचा नवा फोटो कोणाचा हे आपणही सांगितले नव्हते. वाढण्यातून वेळ मिळाला तर ना.

त्याने खुंटीवरच्या पिशवीतून आपली सूचनापत्रिका काढली, बाईंची त्यांच्या मांडीवरच होती ती उघडली, आणि दोन्हींत बोट ठेवले. क्रमांक एकोणीस. यजमानाच्या घरात मृत्यू, आजार किंवा दुःखाचा प्रसंग असल्यास पाहुण्यांनी आपणहून बाजूला व्हावे. मग त्याने भिंतीवरच्या फोटोकडे हात केला आणि आतल्या खोलीकडे हात केला.

"वाईफ मदर," तो म्हणाला. "डेथ. डॉटर कमिंग. क्राय."

अनेकेबाईंनी सूचना वाचली. फोटोकडे पाहिले. मग त्यांनी राजूला एकच प्रश्न विचारला, अगदी हळू. राजू बोलायला लागला, पुष्कळ बोलला, हातवारे केले. बाईंनी त्याचे पुरते ऐकून घेतले नाही. त्या उठल्या, परवानगीचा अर्ज चार घड्या करून आपल्या पिशवीत घातला आणि नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. विलेमबुवा पोट धरून उठून बसले. या वेळी त्यांनी जोडे घरातूनच घातले. हेमसिंगने रूपलाची जीप दारात बोलावली.

"अहो काका, बुवांले रेस्ट सांगितली हाय ना डॉक्टरनं," राजू म्हणाला.

"जीपमध्ये झोपतीन ते," हेमसिंग म्हणाला. "चाल, तूही बस."

"मी कायले?"

"तू माह्या घरी नाई राह्यत आज. बस."

राजूने तीन पायांची काठी मिटवली. ती नीट मिटेना, तिचा एक पाय जीपच्या दारात अडकला, आणि रूपलाने तो काढून त्याच्या मांडीवर दिला. हेमसिंगने निघताना चुलीपाशी ठेवलेल्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून घेतल्या. रोडग्यांकडे त्याने पाहिले नाही. गोमतीबाईला जातो म्हणायचे त्याला सुचले नाही. तीही पाठमोरीच होती. घुंगट सारखा करत होती.

फाट्याकडच्या वाटेवर निम्म्यात मंजू दिसली. एकटीच. डोक्यावर पोते, हातात बरणी, पायांत तोडीवरच्या फाटक्या चपला. करण टोळीबरोबर सामान आवरायला मागे थांबला असावा. ती वाळली होती, रंगाने काळवंडली होती, आणि चालणे थेट दुर्गाबाईसारखे झाले होते, हे हेमसिंगला लांबूनच दिसले. जीप ओळखून ती वाटेच्या कडेला सरकली. रूपलाने वेग कमी केला.

"थांबू काय?"

पाच महिन्यांनी मुलगी दिसत होती. हेमसिंगने खिडकीच्या काठावर हात ठेवला होता. थांबले असते तर ती बोलली असती, बापाला पाहून तिथेच तिचा बांध फुटला असता, रस्त्यात, जीपमधल्या चार माणसांसमोर.

"नको," तो म्हणाला. "चाल."

मंजूने घुंगट खाली ओढला. धूळ तिच्या अंगावर गेली.

हेमसिंगचे शेत पुढे दीड किलोमीटरवर. हरभरा निघून गेलेला, रान उघडे, सावलीला एक कडुनिंब. रूपलाने तिथे जीप लावली. विलेमबुवा मागच्या सीटवर झोपले. राजू बांधावर जाऊन फोनवर कोणाला तरी सांगत राहिला, की यजमान सहकार्य करत नाही. अनेकेबाई झाडाखाली मातीत बसल्या. हेमसिंगने फडके सोडले, भाकरीवर मिरचीचा गोळा ठेवला आणि त्यांच्यापुढे धरली.

बाईंनी हात आडवा धरला.

हेमसिंगने सवयीने पुन्हा पुढे केली. बाईंनी पुन्हा हात आडवा धरला आणि मान हलवली. तेव्हा हेमसिंगने भाकरी मागे घेतली आणि स्वतः खाल्ली. त्याला बरे वाटले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला कळले, की या बाईला काय हवे आणि काय नको.

तिथून तांडा दिसतो, पण ऐकू काही येत नाही. हेमसिंग साडेचारपर्यंत बसून राहिला. रूपलाने दोनदा, निघायचे काय, विचारले. हेमसिंग दोनदा नाही म्हणाला. राजूने पाण्याची बाटली संपवली, दुसऱ्याची मागितली आणि, माझ्या करिअरचा प्रश्न होता काका, असे म्हणाला.

परत आले तेव्हा अंगणात बादली ओली होती. गोमतीबाईचे डोळे सुजून बारीक झाले होते, आवाज बसला होता, आणि ती विळीवर कांदा चिरत मंजूला विचारत होती, की तिकडे ज्वारी काय भावाने मिळायची. शंभर दिवसांत हेमसिंगने तिला असे सलग बोलताना ऐकले नव्हते. मंजू उठली, बापाच्या पाया पडली, आणि म्हणाली,

"बा, तुमी वाटेत थांबले नाई ते बरं केलं."

हेमसिंगने मान हलवली आणि हातपाय धुवायला गेला. तिथे जरा जास्त वेळ लागला.

रात्री गोमतीबाईने पाहुण्यांना पातळ भात आणि ताक दिले. किती, ते तिने ठरवले. हेमसिंगला पळ्याला हात लावू दिला नाही.

शनिवारी सकाळी पाहुणे गेले. अनेकेबाई निघताना भिंतीवरच्या फोटोपुढे क्षणभर उभ्या राहिल्या आणि कोणाला काही न विचारता हात जोडले. त्यासाठी सही लागली नाही. राजूने पुढच्या आठवड्यात संस्थेचा अभिप्राय फोनवर पाठवला. जेवण पाचपैकी पाच, स्वच्छता पाचपैकी चार, यजमानाचे सहकार्य पाचपैकी दोन. चौथा दिवस करारात नसल्याने त्याचे काही मिळणार नाही, असे खाली होते. ते हेमसिंगने मागितलेही नव्हते. पण ते दोन गुण त्याला अजून खुपतात. एकोणतीस वर्षांत त्याच्या गोपनीय अहवालात असहकार हा शब्द कधी आला नव्हता, हे तो ओट्यावरून पोस्टमनला सांगतो. पोस्टमन आता पुन्हा येतो, पण जेवून आलोय असे आधीच ओरडून सांगतो.

त्या शुक्रवारी रूपलाची जीप तीन तासांहून जास्त शेतात उभी होती. तिचे साडेतीनशे ठरले. हेमसिंगने दोनशे दिले. दीडशे रुपये बाकी आहेत.